दुधावर घेतलेला आळ

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या माणसांना वेळ भरपूर असतो आणि वाचायला काही नसतं. मी तिथे बसले होते तेव्हा हाताला लागेल ते वाचलं. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता, भजी गुंडाळून आलेलं आमच्याच दैनिकाचं पान. आम्ही ज्यात सापडलो होतो त्याविषयी साध्या मराठीत काही मिळालं नाही, म्हणून हे लिहिलं आहे. डॉक्टरांच्या पुस्तकात जे असतं ते यात नाही. यातल्या एका बाईचं नाव बदललं आहे. रुग्णालयाचं नाव दिलेलं नाही. तिथे जे झालं ते त्या काळात कुठेही होऊ शकलं असतं, आणि जे वाईट झालं त्यातलं निम्मं आमच्या घराने केलं.

दुधाची खोली

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक होते. आठवा महिना लागला आणि माझा रक्तदाब इतका वाढला की डॉक्टरांनी थांबायला नकार दिला. मुलगी झाली. वजन दीड किलोच्या आत. मी तिला पाहिलं ते दुसऱ्या दिवशी, काचेच्या पेटीत. नाकातून नळी, पायाला चिकटपट्टी आणि डोक्यावर डोळ्यांपर्यंत येणारी कुणाच्या तरी बाळाची लोकरीची टोपी.

विभागाला लागून एक अरुंद खोली होती. तिला सगळे दुधाची खोली म्हणत. भिंतीशी बाक, कोपऱ्यात सिंक, सिंकवर पातळ साबणाची बाटली, खिडकीत पालथ्या घातलेल्या वाट्या. आतली बाळं इतकी लहान होती की त्यांना ओढून पिता येत नव्हतं. म्हणून त्यांच्या आया इथे बसून वाटीत दूध काढत, वाटीवर खाटेच्या नंबराची पट्टी लावत आणि सिस्टर ते नळीतून बाळाच्या पोटात सोडत. त्या खोलीत कुणाला नाव नव्हतं. मी चार नंबर होते. घोटीच्या एका बाईला जुळं झालं होतं, तिला सगळ्या 'डबल' म्हणत.

यमुना सहा नंबर. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. दिंडोरीजवळच्या द्राक्षबागेत कामाला आली होती आणि तिथेच तिला अवेळी कळा सुरू झाल्या. तिचा मुलगा माझ्या मुलीच्या थोडा आधी आलेला आणि थोडा मोठा. नवरा बागेवर कामाला होता. तो अधूनमधून यायचा, काचेतून बघायचा आणि कुणाशी न बोलता परत जायचा.

यमुनाची वाटी भरून वाहायची. माझ्या वाटीचा तळ झाकत नव्हता.

"तुझं काय गं, देवाचं तीर्थ काढती का?" घोटीची बाई मला म्हणाली.

"असू दे, तिला नको बोलू," यमुना म्हणाली. "लिवून लिवून आटलं असंल."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मूल वेळेआधी झालं, त्यात माझ्या शरीराची एक चूक जमा होती. दूध येत नाही, ही दुसरी. असा हिशोब त्या खोलीतली प्रत्येक बाई मांडत होती, हे मला नंतर कळलं.

उपाय यमुनानेच सुचवला. "माझं लय हे. तिला घाला ना. नायतरी सांडून जातंय." विभागाच्या डॉक्टर, कमी बोलणाऱ्या मध्यमवयीन बाई, हो म्हणाल्या. तेव्हा असं सर्रास चालायचं. वेळ लागला तो माझ्या सासूबाईंना. त्यांना मी आई म्हणते. त्यांचं माहेर सायखेड्याचं. घरून निघताना त्या फिरकीच्या तांब्यात पिण्याचं पाणी घेऊन निघत. रुग्णालयाच्या दारातला चहा त्यांनी एकदाही घेतला नाही. कुणाच्या हातचं काय चालतं याचे आमच्या घरात न बोललेले नियम होते आणि ते त्याच सांभाळत.

"दूध अंगात मुरतं," त्या मला म्हणाल्या. मग काचेतून नातीच्या बरगड्या बघितल्या आणि म्हणाल्या, "घाला. जगू दे आधी."

भोंगा

माझा नवरा, अनिल, मेडिकलमधून दूध काढायचा हातपंप घेऊन आला. काचेची नळी आणि तिच्या टोकाला लाल रबरी फुगा. रिक्षाच्या भोंग्यासारखा. मी तो पहिल्यांदा दाबला तेव्हा घोटीच्या बाईने हात आडवा धरून सगळ्यांना मागे सारलं.

"पों! बाजूला व्हा गं, सीबीएस स्टँडची गाडी आली!"

त्या दिवसापासून तो भोंगा झाला. भोंग्याने मला थोडं जास्त दूध येऊ लागलं आणि मी तो खोलीत सगळ्यांना वापरायला दिला. यमुनाला तर आग्रहच केला. तिने माझ्या मुलीला दूध दिलं होतं, आणि तिला काही द्यावं असं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

"हाताने किती पिळत बसशील? बोटं दुखत नाहीत?"

"गायीला कुणी भोंगा लावतं का, ताई?" ती म्हणाली. पण मला बरं वाटावं म्हणून वापरू लागली.

धुण्याचं काम आईंनी घेतलं होतं. त्याच सिंकवर साबण लावून, दोनदा खळबळून, खिडकीत उन्हात वाळवायच्या. रबर उकळू नका, चिरतं, असं दुकानदाराने सांगितलं होतं. म्हणून काच उकळायची आणि रबर नुसतं धुवायचं. फुग्याच्या आत काय जातं ते दिसत नव्हतं. बाहेरून तो चकचकीत असायचा.

"बेबी आज बरोबर दिसत नाही"

आधी यमुनाचा मुलगा आजारी पडला. पाठोपाठ माझी मुलगी. सकाळी सिस्टरने तिच्या नळीतून आधीचं दूध परत ओढून पाहिलं. ते पचलेलं नव्हतं, हिरवट झालं होतं. पोट टणक लागत होतं. श्वास मधेच थांबत होता आणि सिस्टरने तळपायावर टिचकी मारली की पुन्हा सुरू होत होता.

"बेबी आज बरोबर दिसत नाही, मॅडम," सिस्टर डॉक्टरांना म्हणाली. त्या विभागात याच्यापेक्षा भीतीदायक वाक्य नाही. त्यात ना आजाराचं नाव असतं, ना आकडा. रोज बाळांकडे बघणाऱ्या माणसाचा तो अंदाज असतो आणि तो सहसा चुकत नाही.

डॉक्टरांनी आम्हाला दाराशी बोलावलं. "रक्तात जंतू गेला असावा."

"कुठून?" अनिलने विचारलं.

"आधी तो कोणता आहे ते कळू दे."

रक्ताचा नमुना कल्चरला गेला. म्हणजे काय, ते त्यांनी समजावून सांगितलं. बाळाच्या रक्तातला जंतू बाटलीत वाढवायचा, मग एकेका औषधासमोर ठेवून तो कशाने मरतो ते पाहायचं. याला दिवस लागतात. घाई करता येत नाही. तोपर्यंत अंदाजाने औषधं चालू. आत मुलगी वाढत नव्हती आणि बाहेर आम्ही तिच्या रक्तातला जंतू वाढण्याची वाट पाहत होतो.

त्या काळात घरातला प्रत्येक माणूस आपापला गुन्हा घेऊन माझ्याकडे येऊन गेला. अनिल म्हणाला, एकदा तो घाईत हात न धुता आत गेला होता. आई म्हणाल्या, पाचवीच्या दिवशी त्यांनी पेटीतल्या गादीखाली चिमूटभर अंगारा ठेवायला लावला होता. माझ्याकडे रात्रपाळ्या होत्या, सातव्या महिन्यापर्यंत केलेल्या. आम्ही एकमेकांना "तसं काही नसतं" म्हणत होतो आणि कुणाचंही समाधान होत नव्हतं. आता वाटतं, आम्हाला त्या ओझ्यातून सुटायचं होतं. ते उतरवून ठेवायला कुणीतरी हवं होतं.

दोन कागद

मुलाचा रिपोर्ट आधी आला. यमुनाने तो माझ्याकडेच आणला.

"ताई, वाच गं. काय लिवलंय?"

मी वाचला. जंतूचं नाव क्लेबसिएला. खाली औषधांची रांग आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. एस म्हणजे अजून देतो. वरपासून खालपर्यंत आर होते. एस दोनच. मी तिला सांगितलं की औषध आहे, मिळेल. तिने कागद परत घेतला नाही. "तुझ्यापाशीच असू दे. माझ्याकडं भिजंल."

आमचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. डॉक्टर म्हणाल्या, "दोनपैकी जे लगेच मिळतंय ते सुरू करते. त्याने ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. ते नंतर तपासू." त्या दिवसांत मला धीर देणारं पहिलं वाक्य हेच होतं, कारण त्यात 'नंतर' हा शब्द होता.

मग मी बाकावर बसून दोन्ही कागद शेजारी ठेवले, प्रूफ आणि मूळ प्रत ठेवतात तसे. ओळीवर ओळ लावून पाहिली. जंतू तोच. आर तेच. एस तेच. एका अक्षराचाही फरक नाही. मुलगा आधी आजारी पडला, मुलगी नंतर. दोघांमध्ये समान असं मला एकच दिसलं. दूध.

हे लिहून आलं असतं तर मी छापलं नसतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं घ्या म्हणून बातमीदाराला परत पाठवलं असतं. पण मी उठले आणि पॅसेजमध्ये अनिलला सांगितलं, "तिच्याकडून आलंय. दुधातून."

"डॉक्टरांना विचारलंस का?"

"कागद बघ ना. सारखे आहेत."

आई मागेच उभ्या होत्या, तांब्या हातात घेऊन.

बोललं गेलं

मी दुधाच्या खोलीत पोचले तेव्हा आई आत होत्या. यमुना बाकावर बसली होती, वाटी अर्धी भरलेली.

"काय पाजलंस गं माझ्या नातीला?"

यमुनाला आधी ती थट्टा वाटली. "दूध पाजलं. आनी काय पाजनार?"

"तुझ्या दुधात रोग आहे. कागदावर आलंय तसं. आमच्या सुनेनं वाचलंय."

घोटीची बाई मधे पडली. "अहो आजी, काय बोलता! तिचंच पोर आत मरायला टेकलंय."

"म्हणूनच बोलते. आधी त्याला झालं, मग आमच्या पोरीला."

यमुना आईंकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. "ताई?"

मी म्हणाले, "डॉक्टरांशी बोलायला हवं." कुठेच अडकायला नको अशा जागी मी हे वाक्य वापरते. त्या खोलीत त्याचा अर्थ 'हो' असा झाला, आणि तो तसा होणार हे मला कळत होतं.

तिने हातातली वाटी सिंकमध्ये ओतली. नळ सोडला. वाटी धुतली, खिडकीत पालथी घातली आणि गेली. घोटीच्या बाईने माझ्याकडे पाठ केली आणि आपलं काम सुरू ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून यमुना दुधाच्या खोलीत आली नाही. तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून छाती घट्ट आवळून बांधली होती. दूध आटवण्यासाठी बायका तसं करतात.

डॉक्टरांना न सापडलेला आरोपी

औषध लागू पडलं. ते एकदम कळलं नाही. मधले दिवस असे गेले की सिस्टर आतून बाहेर आली की आम्ही तिच्या तोंडाकडे बघायचो आणि ती मुद्दाम दुसरीकडे बघायची. मग एका सकाळी तिने मला हात धुवायला लावले, पेटीची गोल खिडकी उघडली आणि म्हणाली, "बोट द्या तिला." मुलीने बोट धरलं. पकड अशी नव्हतीच, नुसता स्पर्श होता. सिस्टर मॉनिटरकडे बघत म्हणाली, "आज कलर बरा आहे." मी बाहेर आले आणि अनिलला सांगायचं सोडून आधी चहा प्यायले. सगळा पेला संपवला. कितीतरी दिवसांत गरम चहा प्यायले नव्हते.

सहा नंबरचा मुलगाही सावरत होता. दोघांनाही तेच औषध चालू होतं.

दरम्यान डॉक्टरांनी सगळा विभाग तपासायला घेतला होता. नळ, सिंक, साबण, पेट्यांची दारं, सिस्टरांचे हात, आमचे हात, आमचं दूध, भोंगा. सगळ्याचे नमुने गेले. ते आल्यावर डॉक्टरांनी आयांना एकत्र बसवलं. यमुना तेवढी आली नाही.

"दुधाच्या खोलीतल्या सिंकमध्ये तोच जंतू आहे. त्या पंपाच्या रबरी फुग्यात तोच आहे. आमच्या एका माणसाच्या हातावर आहे. हाताने काढलेलं दूध कुणाचंही खराब नाही. सहा नंबरचं तर नाहीच."

मी विचारलं, "पण पहिल्यांदा कुठून आला? सिंकमधून पंपात, की पंपातून..."

"ते कागद सांगत नाही. कागद एवढंच सांगतो की हे सगळं एका घरातलं आहे." त्यांनी कागद मिटून ठेवला. "बाई, तुम्हाला आरोपी पाहिजे. माझ्याकडे नाही. असलाच तर आमच्यापासून सुरुवात करा. हा जंतू तुमच्या घरून आलेला नाही. तो इथे राहतो, आमची औषधं पचवून असा निगरगट्ट झालाय आणि आमच्या हातांवरून फिरतो."

भोंगा त्याच दिवशी कचऱ्यात गेला. खोलीतलं सिंक बंद झालं. पंप अनिलने आणला होता, आईंनी धुतला होता, मी सगळ्यांना वाटला होता. आमच्या तिघांपैकी कुणी त्याबद्दल घरी एक शब्द काढला नाही.

हे वाचणारं कुणी आज तिथे बसलं असेल तर त्यांच्यासाठी एवढंच. रबरी फुग्याचा पंप घेऊ नका. जे आतून दिसत नाही आणि उकळता येत नाही ते बाळाच्या वाटेला आणू नका. बाळाला हात लावण्यापूर्वी हात धुतले का, असं डॉक्टरला आणि सिस्टरलाही विचारा. त्या रागावतील, विचारा. आणि रिपोर्टवर एस आणि आर बघून औषध ठरवतात, माणूस ठरवत नाहीत. माझी मुलगी आता शाळेत जाते. तिचे कान दोनदा तपासले, उत्तम आहेत. हाक मारली की ओ देत नाही, तो वेगळा विषय.

त्या दिवशी बैठक संपल्यावर डॉक्टरांनी मला थांबवून घेतलं.

"सहा नंबरचा मुलगा औषधाने वाचला. आता त्याला डब्याचं दूध चालू आहे. इथे ठीक आहे, आम्ही देतोय. पाड्यावर गेल्यावर उकळलेलं पाणी, उकळलेली बाटली कुठून रोज करणार ती? जंतूपासून वाचलेलं मूल पहिल्या जुलाबात जाईल. तिला मी किती वेळा सांगितलं. 'माझं खराब हे' एवढंच म्हणते. अजून थोडे दिवस गेले तर पुरतं आटेल." मग त्या फाइलमध्ये बघत म्हणाल्या, "ज्यांनी सांगितलं त्यांनीच जाऊन शब्द परत घ्या."

टाकीजवळ

मी घरी निरोप पाठवून आईंना बोलावून घेतलं. त्यांना सगळं सांगितलं. त्या वाद घालतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "चल."

रुग्णालयाच्या मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीजवळ बाहेरगावचे नातेवाईक चुली मांडत. दुपारची वेळ होती. यमुना टाकीच्या सावलीत बसून मुलाची दुपटी पिळत होती. आम्हाला बघून ती उठली नाही.

"यमुना," मी म्हणाले, "तपासणी झाली. तुझं दूध चांगलं आहे. जंतू त्या भोंग्यात निघाला. आणि सिंकमध्ये."

"कोण म्हणलं?"

"कागद आलाय."

"त्या दिशी पन कागदच आलता."

मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

"आमची चूक झाली," मी म्हणाले. "तुझ्या पोराला तुझं दूध पाहिजे. डॉक्टर म्हणतात..."

"डागदर म्हनती, तू म्हनती, म्हातारी म्हनती. माझ्या छातीत काय हे ते समद्यांना ठावं. मलाच नाय ठावं." तिचा आवाज चढलेला नव्हता. "पोराला दिलं आनी तो मेला तर? मंग कुनी कागद आननार?"

दुपटी तिने बाजूला ठेवली. आमच्याकडे पाठ करून बसली, पट्टी सैल केली आणि जवळ पडलेली भाताची वाटी टाकीच्या नळाखाली धुऊन घेतली. तिला बराच वेळ लागला. वळली तेव्हा वाटीच्या तळाशी थोडंसं दूध होतं, दाटसर, पिवळट. तिने वाटी माझ्यापुढे धरली.

"पी."

मी तिच्याकडे पाहिलं.

"चांगलं हे ना? कागदात आलंय ना? मंग पी. तुझ्या पोरीला नको देऊस. तू पी."

मी वाटी घेतली. वाटी हातात राहिली. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. भीती नव्हती, रिपोर्टवर माझा विश्वास होता. तरी हात वर गेला नाही. समोर यमुना माझा हात बघत होती.

आईंनी तांब्या जमिनीवर ठेवला. माझ्या हातातून वाटी घेतली आणि प्यायल्या. त्या घरीसुद्धा पाणी वरून पितात, भांड्याला ओठ लागू देत नाहीत. ही वाटी त्यांनी ओठाला लावली आणि रिकामी होईपर्यंत काढली नाही.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

यमुना त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं, आणि हसतानाच डोळ्यांत पाणी आलं. "काय गं म्हातारे, आता तू माझं लेकरू झालीस का?"

"झाले," आई म्हणाल्या. "आता धाकट्याला पाज."

पुढचे दिवस

एका म्हातारीने वाटीच्या तळाचं दूध पिऊन वैद्यकीयदृष्ट्या काहीही सिद्ध होत नाही. डॉक्टरांना ते कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. पण संध्याकाळी यमुनाने पट्टी सोडून टाकली होती.

दूध लगेच आलं नाही. आधी नुसती ओल, मग थेंब. मुलाला आता ओढता येत होतं, म्हणून सिस्टरने त्याला थेट तिच्या अंगावर द्यायला सुरुवात केली. तो ओढायचा, दमायचा, चिडून रडायचा. आई दुपारभर तिच्याजवळ बसून राहायच्या. माझ्यासाठी केलेले अळिवाचे लाडू डब्यातून तिकडे जाऊ लागले. दोघी काय बोलायच्या ते मला ठाऊक नाही. मी गेले की गप्प व्हायच्या असं नाही, पण विषय बदलायचा.

यमुना माझ्याशी भांडली नाही. दिसले की मान हलवायची. पण पुन्हा कधी काही वाचायला आणलं नाही. सिस्टरने कसलाही कागद दिला की ती घोटीच्या बाईकडे जायची, जिला जेमतेम सही करता येत होती. दोघी मिळून तो उलटसुलट बघायच्या आणि मग सिस्टरलाच विचारायच्या.

माझं तिच्याशी नीट बोलायचं राहिलं होतं. मी रोज ठरवत होते आणि रोज काहीतरी कारण मिळत होतं. एकदा मुलीचं वजन, एकदा यमुनाचा नवरा आलेला, एकदा माझाच धीर. क्षमा मागायची म्हणजे त्या दिवशी खोलीत मी काय म्हणाले होते ते पुन्हा उच्चारावं लागणार होतं.

तिला आमच्या आधी घरी सोडलं. त्या दिवशी आई आल्या नव्हत्या, त्यांच्या गुडघेदुखीने उचल खाल्ली होती. मी बाकावर एकटी होते. यमुनाचा नवरा गाठोडं घेऊन दारात उभा होता. यमुना मुलाला झोळीत बांधून आली. आधी काचेपाशी गेली आणि चार नंबरच्या पेटीकडे बराच वेळ बघत राहिली.

"वाढली," ती म्हणाली.

मी उठून तिच्याजवळ गेले. बोलायला तोंड उघडलं. तिने झोळीचा पदर थोडा बाजूला केला. मुलगा झोपला होता, ओठांच्या कडेला दूध वाळलेलं.

"म्हातारीला सांग," ती म्हणाली, "पोर अंगावर पितंय. लय पितंय."

"सांगते."

तिने पदर सारखा केला आणि ती नवऱ्यामागून जिना उतरून गेली.

संध्याकाळी मी आईंना निरोप दिला. त्यातला एकही शब्द बदलला नाही. त्या ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "आणि तुला काय म्हणाली?"

"काही नाही," मी म्हणाले.